कढीपत्त्यावर अंडी घालणारं हे क्रिमसन रोज आहे ना? आणि बाकीचे तीन गोंधळ

आगरातला (गुहागर)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. गुहागरहून वेळणेश्वरकडे जाताना मध्ये आमचं गाव, घराला लागून नारळ-सुपारीचं आगर आणि मागची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढलं की सडा, म्हणजे कातळाचं पठार. मुंबईची नोकरी सोडून आलो त्याला दोन वर्षं झाली, "गावी बसून करतोस काय" विचारणाऱ्यांना इतके दिवस उत्तर नव्हतं, यंदा पाऊस उघडल्यापासून फुलपाखरांचे फोटो काढतोय एवढं तरी सांगता येतं. हजारेक फोटो झालेत पण नावं टाकायला बसलो की सगळा आनंद आहे. त्यातले चार गोंधळ इथे टाकतो.

पहिला. विहिरीजवळ कढीपत्त्याचं झाड आहे, त्यावर परवा सकाळी अकराच्या सुमारास एक मोठं काळं, शेपटीवालं, पुढच्या पंखावर पांढरट पट्टे आणि मागच्या पंखावर लाल ठिपके. कोवळ्या पानावर टेकायचं, पोट वाकवायचं, परत उडायचं, म्हणजे अंडी घालत होतं हे मलाही कळलं. ॲपने क्रिमसन रोज सांगितलं, नेटवर बघितलं तर अगदी तसंच. मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "क्रिमसन रोज अंडी घालताना" असं लिहून मोकळा झालो तर एका काकांनी नुसता हसायचा इमोजी टाकलाय. कारण काही सांगत नाहीत. काय चुकलं?

दुसरा. समुद्राकडे जायच्या वाटेवर रुई आहे, तिथलं नारिंगी, पंखाची टोकं काळी त्यात पांढरे ठिपके, ते प्लेन टायगर, ते मी आता झोपेतही ओळखतो असं वाटत होतं. पण गोठ्यामागे जमिनीवर पंख पसरून बसलेलं एक मिळालं, ॲप आधी प्लेन टायगर म्हणालं, तोच फोटो क्रॉप करून टाकला तर डॅनॅड एगफ्लाय म्हणालं. आता ॲपलाच माहीत नाही तर मी कुठे जाऊ.

तिसरं म्हणजे ती छोटी पिवळी. पाखाडीला ढिगाने आहेत. ग्रास यलो एवढं कळतं, पुढे कॉमन का थ्री-स्पॉट कसं ठरवतात? माझ्याकडे पासष्ट फोटो आहेत, पासष्टच्या पासष्ट फोटोत फुलपाखरू म्हणजे पिवळा डाग आणि मागचं गवत मात्र फोकसमध्ये.

चौथं पडवीतलं. तिन्हीसांजेला दिवा लावला की एक तपकिरी येऊन भिंतीला आपटतं. आई म्हणते पतंग, मी म्हणतो फुलपाखरू. पैज लागली आहे.

सगळे फोटो मोबाईलवर काढलेत. कॅमेरा घ्यायचा विचार आहे, पंचवीस हजारापर्यंत, वापरलेला पण चालेल. घेऊ का आधी मोबाईलच नीट शिकू?


सड्यावरून (सावंतवाडी)

स्वागत आहे दादा. काका हसले कारण क्रिमसन रोज कढीपत्त्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याच्या अळीला ईश्वरीची वेल लागते, ती विषारी असते आणि ते विष अळी अंगात साठवते, म्हणून पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. कढीपत्ता, लिंबू, बेल यांच्यावर अंडी घालणार ते कॉमन मॉरमॉन. तुमच्याकडची ती मॉरमॉनची मादी, क्रिमसन रोजचे कपडे घालून आलेली.

ह्या माद्यांची गंमत अशी की त्या तीन वेषात फिरतात. एक अगदी नरासारखी, काळी आणि मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. दुसरी कॉमन रोजची नक्कल करते, मागच्या पंखाच्या मध्यावर पांढरे डाग. तिसरी क्रिमसन रोजची नक्कल, पुढच्या पंखावर पांढरे पट्टे आणि मागे लाल ठिपके, तुम्हाला दिसली ती हीच, हिला रोम्युलस फॉर्म म्हणतात. नर मात्र सगळीकडे एकच, त्याला वेष बदलता येत नाही. शास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात पेपर लिहिला त्यात हे सगळं डबलसेक्स नावाच्या एका जीनवर चालतं असं दाखवलंय. म्हणजे एकाच बाईच्या पोटच्या मुली वेगवेगळ्या जातीच्या वाटाव्यात अशा निघू शकतात.

आता फील्डवर ओळखायचं कसं तर पंख बघायचेच नाहीत, अंग बघायचं. दोन्ही रोजचं अंग लाल, डोकं लाल, पोट लाल. मॉरमॉन कितीही नटली तरी अंग काळंच. तुमच्या पहिल्या फोटोत पोट वाकवलेलं स्पष्ट दिसतंय आणि ते काळंकुट्ट आहे. उत्तर तुमच्याच फोटोत होतं, फक्त तुम्ही आणि ॲप दोघंही लाल ठिपके बघत बसलात. शिवाय खऱ्या क्रिमसन रोजचा लाल कसा पानसुपारीच्या पिचकारीसारखा भडक असतो, रोम्युलसचा जरा धुवून धुवून विटलेला.

उडण्यातही फरक आहे पण तो चार वर्षं बघितल्यावर कळतो. क्रिमसन रोज निवांत फडफडत जाते, कुणाचं भय नसल्यासारखी. मॉरमॉनला हूल दिलीत की सगळा आव गळून पडतो आणि सुसाट सुटते.

आता एक करा, त्या कढीपत्त्यावर रोज नजर ठेवा. लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट आणि मध्ये पांढरं, मोठी झाली की हिरवी होते. आईने ती झटकून टाकायच्या आत फोटो काढा.


कढीपत्ता_हवाच (चिपळूण)

वरच्यांशी सहमत पण एक भर. लिंबाचं म्हणतात ते लाईम बटरफ्लायसुद्धा त्याच झाडावर अंडी घालतं आणि त्याची लहान अळीही शिटेसारखीच असते त्यामुळे अळी दिसली की लगेच मॉरमॉन लिहू नका. माझं हे झालेलं आहे, महिनाभर "माझी मॉरमॉन" म्हणून पाळली आणि कोषातून शेपटी नसलेलं पिवळं-काळं बाहेर आलं. घरात सगळे अजून चिडवतात.


मालवणी_माणूस (कुडाळ)

झिला, कॅमेऱ्याचा मागाहून बघूया. आदी मोबाईलचो म्याक्रो मोड बंद कर.

(सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं पुणेरीत लिहितो.) बऱ्याच मोबाईलमध्ये मॅक्रो दाबलं की आतून अल्ट्रावाईड लेन्स चालू होते, त्यामुळे फोन फुलपाखराच्या अगदी नाकाशी न्यावा लागतो, तीन-चार सेंटिमीटरवर. एवढ्या जवळ जाईपर्यंत कुठलं शहाणं फुलपाखरू बसून राहील? वर तुझी सावली त्याच्यावर. त्यापेक्षा टूएक्स किंवा थ्रीएक्स लेन्सवर ठेव, हात-दीड हातावर थांब, स्क्रीनवर बोट धरून फोकस लॉक कर आणि पुढे-मागे अंग हलवून फोकस आण. नंतर क्रॉप कर. गवत फोकसमध्ये जातंय ते ऑटोमुळे, पिवळं फुलपाखरू बारीक आणि गवत ढीगभर, फोन बिचारा गवताला मत देतो.

आणि उभं राहून चालत जाऊ नकोस. बसून सरकत जा. आमच्या वाडीत मला गुडघ्यावर रांगताना बघून एका आजीने देवाला नारळ ठेवला होता, पण फोटो आला.


वैभववाडीकर

प्लेन टायगर आणि डॅनॅड एगफ्लायचं सोपं आहे. मागच्या पंखावर चार काळे ठिपके म्हणजे टायगर, तीन असतील तर एगफ्लाय. बाकी रंग डिट्टो.


पऱ्याकाठची (देवरुख)

वैभववाडीकर भाऊ, थांबा थांबा, असं लिहिलंत तर सगळ्या प्लेन टायगर माद्या एगफ्लाय होतील. टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन काळे ठिपके असतात, नराला त्यात चौथा, तो जरा मोठा आणि मध्ये पांढुरका, ती त्याची गंधाची पिशवी. म्हणजे चार दिसले तर टायगर नर, तीन दिसले तर टायगर मादी. डॅनॅड एगफ्लायच्या मादीला तिथे एकच ठिपका, तोही मध्यावर नाही, वरच्या कडेला. एगफ्लायची किनार पण बघा, मागच्या पंखाच्या काळ्या काठाची आतली बाजू कातरल्यासारखी असते, टायगरची त्यामानाने सरळ.

आगरातले दादा, तुमच्या दुसऱ्या फोटोत डावा मागचा पंख पुढच्याखाली झाकलाय, पण उजवा दिसतोय आणि मला त्यात कडेचा एकच ठिपका दिसतोय. माझं मत एगफ्लाय मादी. क्रॉप केल्यावर ॲपचं मत बदललं कारण आधी त्याने आजूबाजूचं सगळं धरून अंदाज बांधला असणार, ठिपके मोजले नसणार. ॲप वापराच, मीही आयनॅचरलिस्ट वापरते, पण तिथे नाव सुचवलं म्हणजे शिक्का बसला असं नाही, दुसऱ्या माणसांनी बघून हो म्हणावं लागतं. आणि चुकीचं हो म्हणणारे पण असतात, मी स्वतः म्हटलेलं आहे.

आता झाडांवरून. (मी झाडांवरूनच ओळखते, डोळे आता तेवढे चालत नाहीत.) प्लेन टायगरची अळी रुईवर, म्हणून तुम्हाला समुद्राच्या वाटेवर ती भरपूर. डॅनॅड एगफ्लायची अळी घोळीवर. घोळ म्हणजे आपली भाजीची घोळ, तीच. तुमच्या गोठ्यामागे मोकळ्या जागेत घोळ माजलेली असेल असं मी पैजेवर सांगते. तिथेच आसपास काळं, पंखावर मोठाले पांढरे गोल आणि त्या गोलांना जांभळी-निळी झाक असलेलं फुलपाखरू हिंडतंय का बघा. तो हिचा नवरा. दोघांत काडीचं साम्य नाही, लग्नात कुणी फोटो काढला नसता तर विश्वास बसला नसता.


वैभववाडीकर

बरोबर आहे ताई, माझी चूक. नराचे चार लक्षात होते, मादीचं डोक्यातून गेलं. आधीची पोस्ट तशीच ठेवतो, म्हणजे पुढच्याला कळेल.


नवखा_०७

एक आयडिया देऊ का, पकडून पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलं की हलत नाही, मग आरामात वरून-खालून फोटो. यूट्यूबवर बघितलं होतं.


सड्यावरून (सावंतवाडी)

नको. अजिबात नको. थंडीने गारठलेलं फुलपाखरू बाहेर काढून पानावर ठेवलं की ते तिथे बसलेलं नसतं, पडलेलं असतं, आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतं, पाय नीट धरलेले नसतात. शिवाय तेवढ्या वेळात मुंग्या किंवा सरडा येऊन काम उरकतात. आणि ज्या डॅनॅड एगफ्लायची चर्चा चाललीय ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात होती, २०२२ च्या दुरुस्तीत परिशिष्टांची फेरमांडणी झाली पण म्हणून पकडायला मोकळीक मिळाली असं नाही. त्यापेक्षा सकाळी लवकर जा, रात्रभर निसर्गानेच फ्रीजमध्ये ठेवलेलं असतं. ऊन अंगावर येईपर्यंत त्यांना उडता येत नाही, पंख पसरून ऊन खात बसतात. फक्त आपल्याकडे ऑक्टोबरात ती वेळ फार थोडी, साडेसातला पोचलात तर आठ-सव्वाआठपर्यंत, मग काहिली सुरू आणि तुम्ही त्यांच्या मागे.


पऱ्याकाठची (देवरुख)

पिवळ्यांचं राहिलं होतं. हा खरा डोकेदुखीचा विषय. ग्रास यलो बसल्यावर पंख उघडतच नाहीत, त्यामुळे वरची काळी किनार उडताना दिसली तर दिसली. बसलेल्याचा फोटो म्हणजे खालची बाजू, आणि तिथे पुढच्या पंखाच्या मुळाकडच्या लांबट कप्प्यात, सेल म्हणतात त्याला, बारीक तपकिरी खुणा मोजायच्या. दोन असल्या तर कॉमन ग्रास यलो, तीन तर थ्री-स्पॉट. काहीच नाही तर स्मॉल ग्रास यलो वगैरेचा विचार करायचा. ऐकायला सोपं, पण बसल्यावर पुढचा पंख मागच्या पंखाआड अर्धा सरकतो आणि नेमक्या त्या खुणा झाकल्या जातात. बसल्या बसल्या पहिले एक-दोन सेकंद पंख जरा वर असतो, तेव्हा मिळाला तर मिळाला. त्यात पावसाळ्यातले आणि उन्हाळ्यातले दिसायला वेगळे, उन्हाळ्यातल्यांच्या खाली नुसता तपकिरी शिंतोडा.

मी अळ्यांवरून ठरवते. आमच्या दारात टाकळा उगवतो, आम्ही पहिल्या पावसात भाजी करतो आणि उरलेला पिवळ्यांसाठी सोडतो. कॉमन ग्रास यलो एक-एक अंडं घालते, इथे एक तिथे एक. थ्री-स्पॉट एका जागी घोळक्याने घालते आणि अळ्या पण घोळक्याने खातात, फांदीच्या फांदी बोडकी. तेव्हा टाकळा किंवा बहावा असेल तर त्याच्याखाली बसा, पाखाडीवर पळापळी करून काही हाती लागणार नाही.

पडवीतलं तपकिरी बहुतेक ईव्हनिंग ब्राऊन. आईला सांगा फुलपाखरूच आहे, पण त्यांची चूक नाही, अंधार पडताना उडणारं, दिव्यावर येणारं, भिंतीला आपटणारं बघितलं की कुणीही पतंगच म्हणेल. मिशा बघा, फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. अळी भाताच्या पात्यावर असते, आणि भातकापणीच्या दिवसात तुमच्या पडवीत ते नाही येणार तर कुठे. मेमध्ये फणस, काजूची बोंडं कुजायला टाकलेली असतात तिथेही हमखास. आता ते कॉमन ईव्हनिंग ब्राऊन का डार्क, ते वरच्या बाजूचा काळा डोळा आणि त्यातले पांढरे बिंदू कुठे आहेत त्यावर ठरतं, आणि ते पंख उघडून बसत नाही. तुमच्या फोटोवरून मी दोघांपैकी एक एवढंच म्हणेन.


मालवणी_माणूस (कुडाळ)

मुद्द्याचं बोललात ताई. प्रत्येक फोटोला पूर्ण नाव पाहिजेच असं काही नाही, ग्रास यलो एवढंच लिहिलं तरी पाप लागत नाही. ग्रुपवर लोक दुरून काढलेल्या बुशब्राऊनला छातीठोक नाव देतात तेव्हा मला त्यांची दृष्टी हवीशी वाटते.


बुरशीग्रस्त (रत्नागिरी)

कॅमेऱ्याबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो, नाव बघून कळलं असेल माझं काय झालंय.

पंचवीस हजारात वापरलेली एंट्री लेव्हलची बॉडी आणि ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी झूम लेन्स मिळू शकेल, बघून घ्या. फुलपाखरांसाठी सुरुवातीला मॅक्रो लेन्स लागत नाही असं माझं स्पष्ट मत. शंभरची मॅक्रो पूर्ण मोठं करायला गेलं की लेन्सच्या तोंडापासून वीतभर अंतरावर जावं लागतं, तेवढं मॉरमॉन तुम्हाला येऊ देणार नाही. झूमवर दीड मीटरवरून फ्रेम भरते. ब्लू म्हणतात ती अगदी बारीक फुलपाखरं काढायची असतील तर पुढे लावायची क्लोज-अप लेन्स मिळते, रेनॉक्स कंपनीची बरीच लोकं वापरतात. सेटिंग विचाराल तर अॅपर्चर एफ आठ ते अकरा, शटर पाचशेच्या खाली नको, आयएसओ वाढलं तर वाढू दे, दाणेदार फोटोवरून जात ओळखता येते, हललेल्या फोटोवरून नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॅमेरा पंखाला समांतर धरायचा. जवळून फोकसची जाडी जेमतेम काही मिलिमीटर असते, तिरपं धरलंत की एक पंख छान आणि दुसरा धुरात, आणि ठिपके मोजायचे असतात ते नेमके धुरातल्या पंखावर. माझे पहिल्या वर्षाचे सगळे फोटो तिरपे, कलात्मक वगैरे, मागे हिरवा मखमली पडदा, लाईक भरपूर, आणि त्यातली निम्मी फुलपाखरं आजही नाव नसलेली. आता मी दिसल्या दिसल्या पहिला फोटो लांबूनच घेतो, कसाही, पुरावा म्हणून. मग बाजूने खालची बाजू, मग पंख उघडले तर वरून, मग अंग. झालं सगळं की मग काय ती कला.

आणि बुरशी. कोकणात लेन्स कपाटात ठेवायची नाही. मी पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात ठेवली होती, गणपतीत काढली तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला त्यात दुसरी जुनी लेन्स आली असती. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा, काटा चाळीस-पन्नासच्या आसपास ठेवायचा. रंग बदलणारी सिलिका घ्या म्हणजे कधी तापवायची ते कळतं. चामड्याच्या केसमध्ये तर अजिबात ठेवू नका, ती ओल धरून ठेवते. वापरलेली लेन्स घेताना मोबाईलची टॉर्च आरपार मारून बघा.


सड्यावरून (सावंतवाडी)

सरावासाठी एक जागा सुचवतो. तुमच्या सड्याच्या कडेला खुळखुळा असेल, पिवळ्या फुलांचा, शेंगा वाळल्या की वाजतात तो. तो वाळायला लागला की टायगर आणि क्रो या फुलपाखरांचे नर त्यावर येऊन तासन्‌तास चिकटून बसतात, त्यातली रसायनं त्यांना माद्यांना रिझवायला आणि स्वतःच्या रक्षणाला लागतात. तेव्हा ते इतके गुंग असतात की तुम्ही हातभर अंतरावर जाऊन बसलात तरी चालतं. ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, ग्लासी टायगर शेजारी शेजारी बसलेली मिळाली की फरक आपोआप डोळ्यात बसतो. ब्लू टायगरच्या निळसर पट्ट्या रुंद, डार्कच्या बारीक आणि एकूण काळेपणा जास्त, आणि ग्लासी त्या दोघांपेक्षा लहान, निळ्यापेक्षा पांढुरकी, धुरकट काचेसारखी. पुस्तकात बघून हे वर्षभर कळत नाही.

तसंच पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठची ओली वाळू. तिथे चिखलपानाला येतात, मिठासाठी, बहुतेक सगळे नर. म्हणून तिथे कितीही फोटो काढलेत तरी माद्या राहून जातात, त्या तुम्हाला कढीपत्त्यावरच भेटणार. आमच्याकडे आंबोलीच्या पायथ्याला पारपोली आहे, फुलपाखरांचं गाव म्हणूनच ओळखतात, कधी आलात तर सांगा, मी येतो बरोबर. 

नर-मादीवरून आठवलं, ब्लू मॉरमॉन आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ पासून, पण त्याची मादी ओळखताना लोक अजून गडबडतात. निळा जरा फिका आणि पुढच्या पंखाच्या मुळाशी वरच्या बाजूने लाल डाग असला की ती मादी. वेगळी जात नाही. दर वर्षी कुणीतरी "नवीन मॉरमॉन सापडला" म्हणून टाकतंच.


दोडामार्गी

हापूसवाल्यांसाठी माझे दोन शब्द. कलमावरचं बांडगूळ दिसलं की आपण काढतो, काढायलाच पाहिजे, झाड खातं ते. पण जेझबेलची अळी त्याच बांडगुळावर असते. मी बागेच्या टोकाला एका जुन्या रायवळावर ठेवलंय दोन-तीन. वडील बघून न बघितल्यासारखं करतात. जेझबेल वरून पांढरं आणि खालून पिवळं-लाल, झाडाच्या शेंड्याला उडतं म्हणून मान मोडून खालच्याच बाजूचा फोटो मिळतो, आणि नशिबाने ओळखायला तीच बाजू लागते. सीमेपलीकडे गोव्यात फुलपाखराला पिसोळें म्हणतात, मला तो शब्द जास्त आवडतो, हे विषयाला सोडून.


आगरातला (गुहागर)

मंडळी पाच दिवस रेंज नव्हती आणि भातकापणी चालू होती, उशिरा लिहितोय. एवढं सगळं कुणी समजावेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

कढीपत्ता बघितला. अकरा अंडी मोजली, बारीक पिवळसर मोत्यासारखी, आणि तीन अळ्या, खरंच कावळा शिटल्यासारख्या. चिपळूणकरांचं वाचून नाव घातलेलं नाही, "कढीपत्त्यावरची" असं लिहून ठेवलंय. आईला झटकू नको सांगितलं तर म्हणाली मग आमटीत काय घालू. शेजारून आणतोय.

ताई, तुम्ही पैज जिंकलात. गोठ्यामागे घोळ आहे, वावभर पसरलेली, मी तिच्यावरूनच चालत फोटो काढत होतो. काळा पांढऱ्या गोलांचा नर पण मिळाला, तिसऱ्या दिवशी, दगडावर बसून प्रत्येक जाणाऱ्याच्या अंगावर धावून जात होता, मधमाशीच्या सुद्धा. ऊन तिरपं आलं की गोलांभोवती निळं चमकतं आणि सरळ आलं की काही नाही, एकाच फुलपाखराचे दोन फोटो बघून बायको म्हणाली ही दोन आहेत.

ग्रुपवरच्या काकांना फोन केला. म्हणाले मुद्दामच कारण सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तू इथे विचारलं नसतंस. असो.

मोबाईल थ्रीएक्सवर ठेवून बसून सरकत गेलो. पँट गेली कामातून पण पासष्टपेक्षा बरे आलेत. कॅमेरा दिवाळीनंतर बघतो, आधी डबा आणि सिलिका घेतो. पडवीतल्याच्या मिशीला गाठ आहे, पैज मी जिंकलो, आई म्हणते गाठ असलेला पतंग असेल.

ग्रास यलोचा एक नवीन फोटो टाकतोय, टाकळ्यावर बसलेला. जमतंय का बघा.


पऱ्याकाठची (देवरुख)

फोटो सुरेख आहे, पंखाला अगदी समांतर. पण मला इथे मोबाईलवर खुणा दिसत नाहीत. तुम्ही मूळ फोटो मोठा करून बघा, पुढच्या पंखाच्या कप्प्यात किती दिसतात?


आगरातला (गुहागर)

दीड.


पऱ्याकाठची (देवरुख)

म्हणजे एक पूर्ण आणि दुसरी मागच्या पंखाच्या काठाखाली अर्धी. तिच्यापलीकडे तिसरी असेल नसेल. ग्रास यलो एवढंच लिहा आणि उद्या सकाळी त्याच टाकळ्याशी जाऊन बसा.


आगरातला (गुहागर)

उद्या झोडणी आहे. परवा जातो.